मोहाडपूरचा तरंगता धक्का

हंसाची मान दारव्हा रोडवरच्या स्वागत कमानीला अडकून तुटली, तेव्हा वच्छलाबाई ट्रॉलीच्या मागे स्कूटरवर होत्या. कमानीची उंची साडेनऊ फूट आहे, हे त्यांनी दोनदा ओरडून सांगून झालं होतं. ट्रॅक्टरवाल्याने दोन्ही वेळा हात हलवून "हो जी, हो जी" म्हटलं. मग कडाड् असा आवाज झाला आणि फायबरची पांढरी मान, चोचीसकट, वच्छलाबाईंच्या पुढच्या चाकाशी येऊन पडली.

ट्रॉलीत दोन हंस होते, म्हणजे पायडलवर चालणाऱ्या दोन बोटी. दुसरा हंस वाचला, कारण त्याला घाईघाईत आडवा टाकला होता. जो नीट, सरळ, मान ताठ करून उभा होता तोच मोडला. या गोष्टीतून वच्छलाबाईंनी वेळीच काही बोध घेतला असता तर पुढचे तीन महिने बरे गेले असते. पण त्या एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बोध हा मराठीच्या बाईंचा विषय.

त्यांनी ती मान स्कूटरच्या पुढे, पायांशी उभी केली आणि घरी आणली. दारात त्यांचे यजमान भगवानराव पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आधी मानेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बाकीचा कुठं राह्यला?"

"तलावावर. बोट शाबूत आहे. फक्त मान गेली."

"मान नसलेला हंस म्हंजे कढई व्हय."

"त्यात बसून पाण्यात जाता येतं."

"कढईत बी बसता येते," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

आता वच्छलाबाईंच्या गळ्यात हा तलाव पडला कसा, ते दोन वाक्यांत सांगतो. कुठल्याशा योजनेतून मोहाडपूरच्या तलावाचा काठ सुधारला गेला, सहा बाकं, एक फरसबंद वाट आणि एक सिमेंटचा धक्का झाला, आणि आता हे सगळं चालवायचं कोणी, असा प्रश्न ग्रामसभेत निघाला. तेव्हा धक्क्याच्या अंदाजपत्रकात पाण्याची पातळी चुकीची धरली आहे, एवढंच सांगण्यासाठी वच्छलाबाईंनी हात वर केला.

सरपंच प्रेरणा ही त्यांचीच विद्यार्थिनी. तिने तो हात पाहिला आणि आनंदाने जाहीर केलं, "मॅडम तयार आहेत!" टाळ्या वाजल्या. इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं गेलं. वच्छलाबाई हात वर धरूनच उभ्या होत्या. तो आता खाली कधी घ्यावा हे त्यांना कळेना.

टाळी न वाजवणारा एकच माणूस होता, पूनमसिंग. गावातलं एकुलतं मंगल कार्यालय त्याचं. माणूस वाईट नव्हता, पण मोकळी जागा दिसली की त्याला तिथे मंडप दिसायचा. तलावाचा काठ भाड्याने घेऊन तिथे 'लेक व्ह्यू लॉन' करायचं, सभोवती भिंत आणि पुढे मोठं गेट, असा नकाशा तो खिशात घेऊनच आला होता. शेवटी असं ठरलं की मॅडमच्या समितीने पंधरा सप्टेंबरच्या आत बोटींचा आणि धक्क्याचा परवाना आणून दाखवावा. नाही आणला तर काठ पूनमसिंगला.

म्हणजे संध्याकाळी जिथे म्हाताऱ्या बसत, पोरी सायकल शिकत, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया तिजेच्या सणाला कोवळे गहू उगवलेले दुरडे घेऊन गात येत, तो सगळा काठ भिंतीच्या आत जाणार. तो गावाचा राहतो की नाही हे आता एका कागदावर आलं होतं आणि त्या कागदासाठी हात वर केलेली व्यक्ती एकच होती.

पहिली अडचण पाण्याची होती. म्हणजे पाणी नसण्याची.

धक्का बांधणाऱ्याने तलाव काठोकाठ भरलेला धरून धक्का बांधला होता. जूनमध्ये पाणी त्याच्यापासून एकोणचाळीस मीटर लांब होतं. वच्छलाबाईंनी टेप लावून मोजलं. धक्क्यावर बकऱ्या बसत. दोन्ही हंस चिखलात रुतून एकमेकांकडे पाहत होते, म्हणजे एक पाहत होता.

सल्ल्यांना मात्र दुष्काळ नव्हता. शेजारच्या काकूंनी सांगितलं, बोटींना चाकं लावा. कृषी केंद्राच्या मालकाचं मत पडलं की तलावच खोदून धक्क्यापर्यंत आणावा. एका निवृत्त तलाठ्याने सुचवलं की धक्का कागदोपत्री पुढे सरकवता येईल, जागेवर जायची गरज नाही. वच्छलाबाईंनी प्रत्येक सल्ला वहीत लिहून घेतला, कारण कोणत्याही निरीक्षणाची नोंद करायची ही त्यांची सवय, आणि मग त्या नौशादच्या वेल्डिंगच्या दुकानात गेल्या.

"पाणी खाली गेलं की खाली जाईल आणि वर आलं की वर येईल असा धक्का हवा," त्यांनी सांगितलं. "तरंगता. खाली रिकामे बंद ड्रम, वर लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या."

नौशादने ग्राइंडर बंद केला. "मॅडम, तुम्ही मले विज्ञानात एकोणतीस मार्क दिलते. सहा मार्कानं गेलतो मी नववीत."

"उत्तर बरोबर होतं तुझं. एकक लिहिलं नव्हतंस."

"अब्बांनी बेल्टनं मारलं मले."

"ड्रम किती लागतील?" वच्छलाबाईंनी विचारलं. पंचवीस वर्षांनी गुणपत्रिका उघडायची त्यांची पद्धत नव्हती.

नौशादने थोडा विचार केला. "चोवीस. नग. दोनशेचे. लिटरचे. लांबी सहा ठेवू. मीटर. रुंदी साडेतीन. ते बी मीटरच." आणि त्यानंतर तीन महिने तो त्यांच्याशी याच भाषेत बोलत राहिला. चहा आणायला सांगतानासुद्धा पोऱ्याला म्हणे, "दोन. कप."

पांढरकवड्याच्या हायवेवरून खाद्यतेलाचे चोवीस रिकामे ड्रम ट्रकने आले. तुटलेली मानही नौशादनेच बसवली. पण बोल्टची भोकं एकाच बाजूने जुळली, त्यामुळे हंसाचं तोंड मागे झालं. आता तो पुढे पोहत असताना आत बसलेल्यांकडे टक लावून बघे. वच्छलाबाई हे दुरुस्त करा म्हणत राहिल्या, पण गावातल्या पोट्ट्यांनी त्याच हंसात बसण्यासाठी आधीच भांडणं सुरू केली होती.

जुलैच्या शेवटी धक्का पाण्यात सोडला. जागा वच्छलाबाईंनी स्वतः निवडली होती. सगळ्या काठावर लेव्हल लावून त्यांनी पाहिलं होतं, आणि जिथे उतार सर्वांत सौम्य, तळाशी दगड असल्याने चिखल सर्वांत कमी, अशी एकच जागा सापडली. नारळ फुटला. सरपंच प्रेरणाने फीत कापली. तरंगत्या वस्तूवर माणूस किती निर्धास्त उभा राहू शकतो, हे दाखवायला वच्छलाबाई धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या.

चोवीसपैकी तीन ड्रम गळके होते. तिन्ही नेमके त्याच टोकाखाली.

धक्का हळूहळू कलू लागला. वच्छलाबाई अतिशय सावकाश, उभ्याच्या उभ्या, भाषणाच्या कागदासकट पाण्याकडे घसरत गेल्या. साक्षीदार सांगतात की घसरताना त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "अठरा अंश." मग त्या मांडीपर्यंत गढूळ पाण्यात उभ्या होत्या आणि टाळ्या वाजत होत्या, कारण मागच्या लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"झालं भाषण?" घरी भगवानरावांनी विचारलं.

"अर्धं."

"बाकीचं गेलं पाण्यात," ते म्हणाले. पण त्यांनी न सांगता बंब पेटवला होता आणि बादलीत गरम पाणी काढून ठेवलं होतं.

तीन ड्रम बदलले. वच्छलाबाईंनी प्रत्येक ड्रमवर पांढऱ्या रंगाने सेंटिमीटरच्या रेघा मारून घेतल्या आणि मग परवान्याचा अर्ज भरायला जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या.

तिथल्या बाबूने बरंच शोधून एक फॉर्म काढला. तो समुद्रासाठी होता.

"आमच्याकडं हाच आहे मॅडम. विदर्भात कोणी मागतच नाही."

"यात भरती-ओहोटीच्या वेळा विचारल्या आहेत."

"मग लिहा ना."

"यवतमाळ जिल्ह्यात भरती-ओहोटी येत नाही."

"रकाना रिकामा राह्यला तर अर्ज वापस येते," बाबूने सांगितलं. त्याच्या आवाजात इतकी करुणा होती की वच्छलाबाईंना वाद घालवेना. त्या बाकावर बसल्या. खोटं लिहायचं नाही आणि रिकामंही सोडायचं नाही. पाऊण तासाने त्यांनी लिहिलं : 'भरती – जुलै ते ऑक्टोबर. ओहोटी – नोव्हेंबर ते जून.' जवळच्या दीपगृहासमोर 'बसस्टँडवरचा हायमास्ट दिवा' लिहिलं. 'वादळात आसरा घेण्याचे बंदर' या रकान्यासमोर त्यांनी शाळेची इमारत लिहिली. बाबूने सगळं वाचलं, 'व्वा' म्हणाला आणि शिक्का मारला.

जीवरक्षकाचा रकाना होता. तांड्यावरची रुपीबाई साठीची होती आणि आजवर या तलावातून तिने दोन माणसं, चार बकऱ्या आणि एक मोटरसायकल बाहेर काढली होती. पण तिच्याकडे पोहण्याचं प्रमाणपत्र नव्हतं.

"कागद कायले पाह्यजे?" रुपीबाईने विचारलं. "बुडणारा कागद पाहून हात देते का?"

शेवटी सरपंचाने ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर दाखला दिला : 'रुपीबाई यांना पोहता येते, हे सर्व गावाला माहीत आहे.'

उरली भारचाचणी. निरीक्षक येतील तेव्हा धक्क्यावर सोळाशे किलो वजन ठेवून दाखवायचं, असा नियम होता. रेतीची पोती ठेवावी तर रेतीला तहसीलचा पास लागे, आणि पास मागितला की घर बांधताय का, मग बांधकाम परवानगी दाखवा, असं सुरू होई. म्हणून वच्छलाबाईंनी माणसंच ठेवायची ठरवली. प्रत्येकाचं वजन माहीत पाहिजे, म्हणून त्यांनी पंचवीस स्वयंसेवकांना सोयाबीनच्या अडतीत मोठ्या काट्यावर नेलं.

ही चूक होती. अडतीतल्या हमालांना वजन मनात वाचायची सवय नसते. "काकू एक्क्याऐंशी!" अशी आरोळी बाजारभर गेली. काकूंनी चपला काढून पुन्हा मोजायला लावलं. कृषी केंद्राच्या मालकाचं वजन ऐकून दोन व्यापारी बघायला आले. स्वतः वच्छलाबाई, उदाहरण घालून द्यावं म्हणून काट्यावर चढल्या, तर हमालाने त्यांच्या साडीकडे आणि पर्सकडे एक जाणती नजर टाकून पुकारा केला : "मॅडम अडुसष्ट! बारदाना वजा करून सासष्ट!"

एकतीस वर्षं ज्या बाईंच्या पावलांचा आवाज ऐकून वर्ग गप्प व्हायचा, त्यांचं पोत्याचं वजन वजा झालं. त्या घरी आल्या आणि दोन दिवस भात जेवल्या नाहीत. पण यादी झाली. पंचवीस माणसं, सोळाशे छप्पन किलो.

मग तारीख. वच्छलाबाईंनी पावसाची नोंद, तलावाच्या पातळीचा आलेख आणि वाऱ्याचा अंदाज समोर ठेवून दोन संध्याकाळी हिशेब केला आणि निरीक्षकांना पत्र पाठवलं : 'बुधवार, तेरा सप्टेंबर, सकाळी दहा.' निरीक्षकांचा होकार आला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख लागली. फळा वाचून लोक थबकत, मान डोलवत आणि "मॅडमचं डोकं!" म्हणून पुढे जात. वच्छलाबाईंना वाटलं, लोकांना आलेख समजला.

तेरा तारखेला सकाळी सात वाजता भगवानरावांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "गर्दी होईन आज तलावावर."

"पंचवीस माणसं सांगितली आहेत."

"मान्सं नाही व. बैल." भगवानरावांनी बशी खाली ठेवली. "उद्या पोया. आज खांदशेकणी. तुले मालूम आहे ना?"

वच्छलाबाईंची पोळी तव्यावरच राहिली.

पोळा ऑगस्टमध्ये असतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये होता, हे त्यांना नक्की आठवत होतं. पण यंदा अधिक महिना आला होता आणि सगळे सण पुढे सरकले होते. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो, हे त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. फक्त घरात बैल नव्हते.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"मले वाटलं तू मुद्दाम ठेवली. साऱ्या गावाले तेच वाटून राह्यलं. सायबाले गर्दी दाखवाची म्हणून."

खांदशेकणीला गावातला प्रत्येक बैल तलावावर येतो. त्याला चोळून आंघोळ घालतात, खांद्याला तूप-हळद लावतात, वर्षभर जू ओढून सोललेला खांदा शेकतात. आणि प्रत्येक बैलाबरोबर त्याचा मालक असतो. पंचवीस स्वयंसेवकांपैकी एकवीस बैलजोडीवाले कास्तकार होते.

पावणेदहाला वच्छलाबाई काठावर उभ्या होत्या. त्यांच्या वजनाच्या यादीतली चार माणसं हजर होती, काकू धरून. बाकीचं सगळं वजन समोरून, धूळ उडवत, घुंगरं वाजवत, जोडी-जोडीने येत होतं.

निरीक्षक रजत नंदनवार जीपमधून उतरले. तरुण, नीटनेटके, डोक्यावर टोपी, हातात फाइल. त्यांच्या मागोमाग पूनमसिंग उतरला. रस्त्यात भेटला म्हणून साहेबांनी त्याला बसवून घेतलं होतं. फाइलमध्ये त्याचा लेखी आक्षेप सर्वांत वर होता : 'सदर धक्का कमकुवत असून कोणतेही वजन पेलण्यास असमर्थ आहे.'

"मॅडम, भारचाचणीचं वजन कुठे आहे?" नंदनवारांनी विचारलं.

"दोनशे चौसष्ट किलो इथे आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "उरलेलं आंघोळ घालतंय."

पूनमसिंग हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने फक्त मिशीवरून हात फिरवला. "साहेब, वेळ आपला बी जाते. नाही तर नाही लिहा. मले आज माही जोडी बी धुवाची आहे. माणूस घेऊन येऊनच राह्यला."

नंदनवारांनी पेन काढलं. वच्छलाबाईंनी पाहिलं, पेनचं टोक 'अनुत्तीर्ण' या शब्दाच्या चौकटीकडे निघालं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंत उभी राहिली, अगदी मापासकट, सात फूट उंचीची.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी वच्छलाबाईंच्या लेव्हलमध्ये दिसली नव्हती. सगळ्या काठावर सर्वांत सौम्य उताराची, तळाशी दगडाची जागा ही गावातल्या बैलांनी त्यांच्या आधी निवडली होती. कित्येक पिढ्या ते तिथूनच पाण्यात उतरत. त्याला बैलघाट म्हणत. बैलांनी ती जागा मोजली नव्हती, पण उत्तर तेच आलं होतं. आणि यंदा बैलघाटाच्या बरोबर मध्ये सहा मीटर लांबीचा एक लाकडी रस्ता पडला होता.

स्वयंसेवकांच्या यादीतल्या रामधनची जोडी सर्वांत पुढे होती. दोन पांढरे, थोराड, शिस्तीचे बैल. ते नेहमीच्या ठिकाणी आले, नेहमीसारखे सरळ चालत राहिले आणि धक्क्यावर चढले.

"अरे, अरे, अरे!" रामधन कासरा ओढत मागे धावला आणि स्वतःही धक्क्यावर गेला. फळ्या धडधडल्या. धक्का खाली गेला आणि स्थिरावला. बैलांना पायाखाली हलणारी जमीन आवडली नाही, पण ते रामधनचे बैल होते. त्यांनी थांबायचं ठरवलं आणि थांबले.

मागून दुसरी जोडी आली. पुढचे बैल जातात तिथे मागचे जातात. यासाठी कोणत्याही ग्रामसभेचा ठराव लागत नाही. लाल गोंडे, पितळी घुंगरं, शिंगांना ऑइलपेंट. साऱ्या तालुक्यात नाव असलेली जोडी. गड्याच्या हातून कासरा सुटला आणि तेही चढले.

"ही माही जोडी व्हय!" पूनमसिंग किंचाळला आणि नकाशा, फाइल, साहेब सगळं सोडून धक्क्यावर धावला.

चार बैल, दोन माणसं. धक्का आणखी खाली गेला. पूनमसिंगने दोन्ही बैलांच्या गळ्यांत हात टाकले होते आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मॅडम!" तो ओरडला. "मॅडम, धरंन ना जी हे?"

वच्छलाबाई पाण्याच्या कडेला गेल्या. आणि त्यांचा शाळेतला आवाज, जो निवृत्तीनंतर कोणी ऐकला नव्हता, बाहेर पडला. मागच्या बाकापर्यंत जाणारा, न चढवलेला, थंड आवाज.

"पूनमसिंग, हलू नका. बैल मध्ये घ्या. चार बैलांचे सोळाशे धरू, तुम्हा दोघांचे दीडशे. चोवीस ड्रमची शक्ती अठ्ठेचाळीसशे, त्यातून धक्क्याचं स्वतःचं अकराशे वजा. निम्मंही वजन झालेलं नाही. नौशाद, रेघ वाच."

नौशाद आधीच कमरेएवढ्या पाण्यात शिरून ड्रमपाशी वाकला होता. "आधी सोळावर होतं पाणी, मॅडम. आता बत्तीसवर."

एकाच वेळी काठावरची निम्मी माणसं ओरडली : "काय बत्तीस?"

"सेंटिमीटर!" नौशाद गरजला. "सोळा सेंटिमीटरच खाली गेला!"

"मी सतरा काढले होते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्या एका सेंटिमीटरबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटलं.

नंदनवारांना स्वतः वाचून खात्री करायची होती. ते वाकून पाहायला धक्क्याच्या कडेवर गेले, तेव्हा पूनमसिंगच्या डाव्या बैलाने माशी हाकलायला शेपटी फिरवली. शेपटी ओली होती आणि साहेबांच्या थेट तोंडावर बसली. साहेब फाइल हवेत उडवून उताणे पाण्यात गेले.

काकूंनी फाइल झेलली. आणि साहेबांची टोपी पाण्यावर यायच्या आत रुपीबाई लुगड्याचा काष्टा आवळून पाण्यात होती. चार हातांत ती पोचली, साहेबांना कॉलरला धरून वर ओढलं, पाठीवर एक दणका घातला आणि म्हणाली, "उभा राह्य ना बेटा. कमरेइतकंच आहे."

साहेब उभे राहिले. खरंच कमरेइतकंच होतं.

जो हशा झाला त्याने दोन बैल बुजले, पण धक्का हलला नाही. नंदनवार काठावर आले आणि निथळत बाकावर बसले. भगवानरावांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्यांना दिलं. साहेबांनी त्याने तोंड पुसलं. मग त्यांनी काकूंकडून फाइल घेतली, सर्वांत वरचा कागद काढला आणि धक्क्याकडे पाहून हाक मारली.

"पूनमसिंगजी, हा तुमचा आक्षेप. 'कोणतेही वजन पेलण्यास असमर्थ'. कायम ठेवायचा की मागे घेता?"

पूनमसिंग अजून बैलांच्या गळ्यांत हात टाकून मध्येच उभा होता. त्याने खाली फळ्यांकडे पाहिलं, आजूबाजूच्या पाण्याकडे पाहिलं. काठावर सारं गाव, आणि गावासमोर त्याची जोडी, कोरडी, शाबूत, पाण्यापासून वीतभर वर.

"मागे घेतो जी," तो म्हणाला. मग थोडा घसा साफ करून, "लॉन काय, कुठं बी होते. बायपासला माहं वावर पडूनच आहे."

नंदनवारांनी 'उत्तीर्ण'च्या चौकटीत खूण केली. जीवरक्षकाच्या रकान्यात त्यांनी 'प्रात्यक्षिक पाहिले' असं लिहिलं आणि क्षणभर थांबून कंसात 'अनुभवले' असं जोडलं. क्षमतेच्या रकान्यापाशी मात्र ते अडले. नियमाप्रमाणे जे वजन ठेवून चाचणी झाली तेच लिहायला हवं होतं. वच्छलाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी होकारार्थी मान हलवली. नोंद ही निरीक्षणाचीच करायची असते. साहेबांनी लिहिलं : 'एका वेळी माणसे वीस किंवा बैल चार.' खाली सही आणि ओला शिक्का.

सरपंच प्रेरणाने तो कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. त्यानंतर काठावर जो गलका झाला तो दारव्ह्याच्या बाजाराला लाजवणारा होता. कोणीतरी हंस सोडले. पोरांनी मागे तोंड असलेला हंस पळवला आणि तो आत बसलेल्या पाचजणांकडे टक लावून बघत तलावाच्या मध्यावर गेला. आंघोळी पुन्हा सुरू झाल्या, धक्क्याच्या दोन्ही बाजूंनी.

वच्छलाबाई बाजूला उभ्या राहून साडीच्या निऱ्यांवरचा चिखल झटकत होत्या. आता आपण काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं. इतक्यात रामधनचे बैल धुऊन झाले. त्याने त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, पळसाच्या पानांनी शेकलं आणि हात जोडून, एकेकाच्या कानाशी वाकून, खांदशेकणीला म्हणतात ते म्हटलं : "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

हे आवतण वर्षभर जू ओढणाऱ्यालाच मिळतं. माणसांना ते कोणी देत नाही.

रामधन सरळ झाला. त्याची नजर वच्छलाबाईंवर गेली. हळदीने पिवळे झालेले हात त्याने धोतराला पुसले नाहीत; तसेच जोडले आणि दोन पावलं पुढे येऊन तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बी. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मागून भगवानराव हळूच म्हणाले, "घे व. लय मोठा मान आहे थो."

एकतीस वर्षांत वच्छलाबाईंचे सत्कार बरेच झाले होते. शाली कपाटात होत्या, नारळ संपले होते. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पापणीच्या आतच अडवले, आणि हात जोडून त्यांनी विचारलं :

"किती वाजता?"